घोडे आले, गाढवं कुठायत

घोड्यांना खाली आणायला थोरला एकटा गेला, ते वर्णन करायला बाबाच हवे होते. त्यांनी त्यात एक अस्वल घातलं असतं, एक कोसळती दरड घातली असती आणि थोरल्याच्या तोंडी अशी दोन वाक्यं घातली असती, जी तो जन्मात बोलला नसता. पण बाबांना जाऊन महिना होत आला होता आणि आता घरात खरं सांगणारीच माणसं उरली होती.

खरं एवढंच होतं, की शहरात चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून, हातात चंदीची बादली घेऊन सकाळी वरच्या कुरणाकडे निघाला आणि दुपारी रिकामी बादली घेऊन, कमरेपर्यंत चिखलाने माखून परतला. चंदी घोड्यांनी खाल्ली म्हणावं, तर तेही नाही. ती त्याने घसरताना सांडली होती. घोडे त्याला दगड मारला तर लागेल इतकं जवळ येऊ देत, कान टवकारून त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेत आणि मग एक टेकाड वर सरकत. तो पुन्हा चढे. ते पुन्हा सरकत.

"मला खेळवत होते," पायरीवर बसून बूट उपटत तो म्हणाला.

"खेळवत नव्हते, दादा. तुला ओळखत नाहीत," धाकटी म्हणाली.

तिने ते सरळ मनाने सांगितलं होतं, पण लागायचं तिथे लागलंच. थोरल्याने बूट उपटायचं थांबवलं आणि थोडा वेळ नुसता पायाकडे बघत बसला. याच पागेत तो वाढला होता. पहिलं शिंगरू त्याने पाहिलं तेव्हा त्याला स्वतःला धड चालता येत नव्हतं.

आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी आई स्टुलावर बसून बटाटे सोलत होती.  सालं खिडकीच्या कठड्यावर काढून ठेवत होती, जशी रोज ठेवायची.

बाबांची शीळ ऐकलेली माणसं अजून हयात आहेत, म्हणून तिच्याबद्दल जरा जपून सांगायला हवं. घरापुढे, खिडकीच्या अगदी लगत एक सपाट दगड आहे. दिवस कलला की त्यावर उभं राहून, दोन बोटं तोंडात घालून बाबा एकच शीळ घालत. लांबलचक, शेवटाकडे वर चढत जाणारी. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, त्या आवाजाने पलीकडच्या डोंगरातल्या बायकांचं दूध उतू जायचं आणि बोल मात्र त्यांच्या नवऱ्यांना लागायचे. एकदा म्हणे धुक्यात वाट चुकलेला टपालवाला त्या शिळेच्या मागे चालत आला, घोड्यांबरोबर कुंपणाशी उभा राहिला आणि चंदी वाढेपर्यंत हललाच नाही. ही सगळी भेसळ काढून टाकली, तरी एवढं उरतंच, की शीळ झाली की वर कुठेतरी टापांची खडखड सुरू व्हायची आणि चहाचं आधण उकळेपर्यंत सगळे घोडे कुंपणाशी हजर असायचे. मग बाबा घराकडे तोंड करून हाळी द्यायचे, "घोडे आले, गाढवं कुठायत?" की तिन्ही पोरं असतील तिथून जेवायला धावत सुटायची.

पोरं मोठी झाली तेव्हापासून घोड्यांच्या पुढे नेहमी एक राखाडी घोडी असे. तिला सगळे आत्याबाई म्हणत, कारण कुणी कुठे उभं राहायचं आणि कुणी कुणाला वाट द्यायची, हे तीच ठरवी आणि तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती. आत्याबाई खाली आली की बाबांकडे ढुंकूनही न बघता दगडाला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाई आणि आत तोंड घाली. "चटोर आहे," बाबा म्हणत. "बटाट्याच्या सालीसाठी धन्याला विसरते." आई तिला साल देई आणि खिडकी लावून घेई. घोड्यांशी तिचा संबंध तेवढाच, असं सगळे धरून चालले होते.

मधे एकदा बाबांचे पुढचे दात गेले. एका अर्धवट शिकवलेल्या शिंगराने मान उसळवली आणि ते दात घेऊन गेलं. पाहुण्यांना बाबा वेगळंच सांगत. एकाला सांगितलं, लांडग्याचा चावा घेताना पडले. दुसऱ्याला सांगितलं, सासुरवाडीचे लाडू. त्यानंतर थोडे दिवस शीळ बंद होती. मग कवळी बसली आणि शीळ पुन्हा सुरू झाली. जरा बारीक, पण लांबी तीच. कवळीने शीळ कशी घालता, असं नालबंदाने विचारलं, तर बाबा म्हणाले, "शीळ काय दात घालतात? शीळ मन घालतं." नालबंदाने ते चार गावांत सांगितलं.

तेव्हा थोरला शहरात गेलेला होता आणि ताई नर्सिंग शिकायला. घरात एकटी धाकटीच होती. पुढे ती शिकून परत डोंगरातच आली आणि बाबांच्या हाताखाली राहिली. खूर तासणं, अडलेल्या घोडीला सोडवणं, पोटात कळ आली की नुसत्या कानांच्या गारपणावरून ओळखणं, बाबांनी तिला सगळं दिलं. शीळ तेवढी दिली नाही. विचारलं की म्हणत, "ती शिकवून येत नाही, पोरी. अंगात असावी लागते." आणि शिळेची वेळ झाली की तिला पागेत चंदी भिजवायला पाठवत. तिथून तिला दिसे ती त्यांची पाठ आणि तोंडाशी गेलेला हात. ती एकटीच ओढ्यापलीकडे जाऊन बोटं तोंडात घालून फुंकत बसे. थुंकी उडे, वारा निघे, आवाज निघत नसे. थोरला थोरला होता, ताई लाडकी होती, मग शीळ तरी आपल्याला यायला हवी होती, असं तिला वाटे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांनी त्याचाही किस्सा केला असता.

गेल्या वर्षभरात शीळ मधेच तुटायला लागली. ताई रजेवर आली होती, तिने ती ऐकली आणि हातातलं काम टाकून बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचे फोटो काढले, रक्त काढलं, पट्ट्यावर चालवलं. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी छाती मी पाहिली नाही, घोड्याची म्हणून खपेल. एरवी बाबांनी एवढं वाक्य वर्षभर पुरवून वापरलं असतं. पण ते घरी आले ते गप्प. एकही गंमत न करता जेवले आणि आईकडे बघत बसले. कुणाच्या काही लक्षात यायचं, तर तेव्हाच यायला हवं होतं.

आणि मग तो दिवस. शीळ झालीच नाही. धाकटी नाल आणायला खालच्या गावात गेली होती. बाबा घोडे आणायला पायी वर चढले, परतताना घळीच्या कडेला पाय सरकला आणि रात्र पडायच्या आत ते सापडले, पण तोवर संपले होते. आत्याबाई त्यांच्याजवळ उभी होती. माती द्यायला आलेल्या प्रत्येकाने तेच विचारलं, की असली शीळ पदरात असताना म्हातारा चढला कशाला?  त्या दिवसापासून घोडे घळीच्या वर गेले, ते खाली आलेच नाहीत. धाकटी दोनदा वर जाऊन आली. आत्याबाईने तिच्या हातचा पाव खाल्ला, तिचा खांदा हुंगला आणि पाठ फिरवली.

आता वरच्या कड्यांवर आभाळ पांढुरकं, खाली आलेलं होतं. बर्फ पडलं की वर खायला काही उरणार नव्हतं. आणि आज घोड्यांचा व्यापारी ट्रक घेऊन यायचा होता.

व्यापाऱ्याला थोरल्याने बोलावलं होतं, पण बोलवायची वेळ आणली होती डॉक्टरांनी. बाबांच्या दिवसांत ताईने आईच्या पाठीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. आईची फुप्फुसं थकली होती. थकली म्हणजे आजची नाही, केव्हापासूनची. या उंचीवरचा हिवाळा तिने काढू नये, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

तेव्हा आईने थोरल्याकडे जायचं, हे ठरलं. पुढचं मात्र सकाळपासून अडून राहिलं होतं. थोरला म्हणत होता, जागेचं बघू, आहेत त्या दोन खोल्यांत भागवू. पण मी आणि तुमची वहिनी दिवसभर दुकानात. ताई म्हणत होती, माझ्या ड्यूट्या दिवसाच्या, रात्रीच्या, कशाचा मेळ नाही. आईपाशी कुणीतरी हवं. कुणीतरी म्हणताना थोरला बुटांकडे बघत होता आणि ताई औषधांच्या डब्याकडे. धाकटीकडे कुणी बघत नव्हतं, त्यावरूनच कुणीतरी म्हणजे कोण ते कळत होतं.

सकाळी ताई धाकटीच्या बाजूला होती. थोरला कुरणात घसरत असताना दोघी भांडी आवरत होत्या, तेव्हा ती हळूच म्हणाली होती की इतकं घायकुतीला येऊ नये, वसंतापर्यंत आईला इथेच ठेवू, मी प्राणवायूच्या नळकांड्याची सोय करते. धाकटीने तिला तिथल्या तिथे मिठी मारली होती, हात साबणाचे असताना. मग दुपारी आई पलंगावरून उठून खिडकीशी निघाली. मधे तिने दाराची चौकट धरली. मग टेबलाची कड धरली. मग नुसतीच उभी राहिली, कुणाची तरी वाट बघावी तशी. ताई ते बघत होती. तिने हात पुसले, बाहेर पायरीवर गेली आणि थोरल्याच्या शेजारी बसली. बस, एवढंच. धाकटीला कळलं, की आता आपण एकट्या.

"सरळ बोला ना," ती दारात उभी राहून म्हणाली. "मी घोडे सोडायचे."

"तुला कुणी सोड म्हटलेलं नाही," थोरला म्हणाला.

"मग व्यापारी काय चहाला येतोय?"

थोरल्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. धंद्यातली सवय, बोलायला अवघड असलं की तो काचा पुसायचा. तो म्हणाला, की तिने इथे एकटीने राहायचं ठरवलं, तर तो अडवणार नाही, बाई ठेवेल, काहीतरी करेल. पण आईने परक्या बाईच्या हातचं पाणी पीत दिवस काढायचे, हे त्याला बघवणार नाही. मग त्याचाही आवाज जरा चढला. म्हणाला, या घरात आधी घोडे आणि मग माणसं, हे काही नवीन नाही. ताईच्या लग्नात फोटो काढायच्या वेळेला बाबा अडलेल्या घोडीकडे गेले. फोटोत बाबांची खुर्ची रिकामी आहे, ती अजून माझ्या भिंतीवर रिकामीच आहे. आईने जन्मभर उरलेला वेळ खाल्ला.

"आणि आता मी तेच करतेय, असंच ना?"

ताई म्हणाली, "तसं नाही गं."

"तसंच आहे. तसंच आहे, म्हणून तर तोंडातून निघत नाहीये."

खिडकीतून सुरीचा आवाज येत होता, तो थांबला. तिघांनीही तिकडे पाहिलं. आईने नुसतं विचारलं, की चहा टाकू का, व्यापारी येईल एवढ्यात.

व्यापारी आला. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा, बाबांशी आयुष्यभर घासाघीस करून कधीच न जिंकलेला माणूस. आज त्याने आवाज खाली ठेवला होता. त्याला सवय नसल्याने तो जास्तच घोगरा वाटत होता. आईला त्याने दारातूनच "वहिनी" म्हणून हाक मारली आणि टोपी काढून हातात धरली. सगळे घोडे एकाच ठिकाणी जातील, खाली नदीकाठच्या कुरणावर, कुणाची ताटातूट करणार नाही, म्हातारीलाही कामाला जुंपणार नाही, हे त्याने धाकटीकडे बघत सांगितलं. तिला त्याचा राग करायचा होता, पण राग यावा असा तो माणूस नव्हता.

मग त्याने रिकाम्या कुंपणाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. म्हणाला, की दिवस कलायच्या आत निघालो नाही, तर ट्रक वळणावरच अडकेल, आणि एकदा रस्ता जड गाड्यांना बंद झाला की मग तो वसंतातच उघडायचा.

"शीळ कोण घालणार?" त्याने विचारलं.

 धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं, की बाबांनी आपल्याला शीळ दिली नाही. आपल्याला येत नाही. कुणालाच येत नाही. घोडे येत नाहीत, म्हणून काही ठरवायचं नाही. पण लगेच तिची नजर कड्यांवर गेली. तिथे पांढरं अजून खाली उतरलं होतं आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्यांसारखे ठिपके, एकमेकांना चिकटून. बर्फात ते तिथेच उभे राहिले असते. बोलावणारं कुणी नाही म्हणून.

थोरला हळूच म्हणाला, "आत्याबाई तुला जवळ येऊ देते. दोर घालून आणता येईल."

त्यासाठी घळ ओलांडावी लागणार होती. हे त्यालाही माहीत होतं. म्हणून तो लगेच म्हणाला, की मी येतो सोबत. धाकटीने खुंटीवरचा दोर काढला आणि ती फाटकापर्यंत गेली. तिथे तिचे पाय थांबले. वर जाऊन घोडे आणले, तर ते ट्रकमध्ये घालायला आणायचे. नाही आणले, तर मरायला सोडायचे. आणून ट्रक परत पाठवला, तर आईला परक्या बाईच्या हवाली करायचं. दोर हातात, फाटकाची कडी हातात, आणि मागे चार माणसं श्वास धरून उभी. ती वरही जाईना आणि घरातही येईना.

तेव्हा मागून शीळ आली.

पहिली अर्ध्यातच फाटली, नुसता वारा झाला. धाकटी गर्रकन वळली ती सवयीने सपाट दगडाकडे. दगडावर कुणीच नव्हतं. मग दुसरी आली, लांब, बारीक, शेवटाकडे वर चढत गेलेली.  कितीतरी वर्षं ऐकलेली तीच.

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. एका हाताने तिने कठडा धरला होता, दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात होती आणि डोळे मिटलेले होते.

वर टापांची खडखड सुरू झाली.

ताई आत धावली. आईला धरून स्टुलावर बसवलं, पाठ चोळली आणि बडबडत राहिली, की असं कुणी करतं का, डॉक्टरांनी काय सांगितलंय, जरा तरी कळायला नको का. तिचा आवाज नर्सचा राहिला नव्हता. थोरला पायरीवरच उभा राहिला, एका पायात बूट, एका पायात नाही. व्यापाऱ्याची टोपी जमिनीवर पडली होती आणि ती उचलायचं त्याला सुचत नव्हतं.

घोडे घळ ओलांडून उतारावरून सांडत आले. सगळ्यांत पुढे आत्याबाई, पोटाखाली घाम, आयाळीत काटेकुसळं. धाकटीने फाटकाची कडी काढली तशी ती तिच्या अंगाला घासून आत शिरली, दगडाला वळसा घातला आणि खिडकीत तोंड घातलं. कठड्यावरच्या सालीला तिने तोंडसुद्धा लावलं नाही. आईच्या छातीशी नाक टेकून ती उभी राहिली.

चटोर नव्हती ती. बिचारी आयुष्यभर, ज्याने हाक मारली त्याच्याकडेच जात होती.

धाकटी खिडकीबाहेर येऊन उभी राहिली. मधे घोडीचं डोकं, पलीकडे आई.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दात गेले तेव्हापासून." आई दम घेत घेत बोलत होती. "घोडे दुसऱ्या कशाला यायचे नाहीत. आणि ह्यांना तर गावात मान... मी म्हटलं, तुम्ही नुसतं उभं राहा. हात तोंडाशी धरा. ऐकून ऐकून मला येतच होती. ओट्याशी उभं राहून दुसरं काय करते मी?"

"म्हणून मला चंदी भिजवायला पाठवायचे."

"तुला काय शिकवणार ते? त्यांना स्वतःलाच येत नव्हती." आईच्या ओठांच्या कडा हलल्या. "फार हसायचो गं आम्ही. तू जेवायला यायच्या आधी तेवढाच वेळ मिळायचा. ते दगडावर, मी इथे. म्हणायचे, आज जरा वरच्या पट्टीत लाव, नालबंद आलाय."

थोरल्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरून राहिला. त्याच्या भिंतीवरच्या रिकाम्या खुर्चीचं आता काय करायचं, हे त्याला कळत नसावं.

ताईने विचारलं तेव्हा तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "म्हणजे गेल्या वर्षी ती तुटायची... आम्ही बाबांना घेऊन गेलो दवाखान्यात."

"ते त्याच रात्री म्हणाले, उद्या तुला नेतो. मीच नाही म्हटलं. शीळ कुणाची ते सगळ्यांना कळलं असतं." आई थांबली. घोडीच्या कपाळावरचे काटे एकेक करून काढू लागली. "त्या दिवशी मी दोनदा घातली. नाही आली. हे म्हणाले, राहू दे, मीच जातो वर. असेही पाय आखडलेत."

 घोडे कुंपणाशी फुरफुरत होते. शीळ असताना म्हातारा चढला कशाला, याचं उत्तर खिडकीत बसून काटे काढत होतं.

"आई, मग आज का घातलीस?" धाकटीने विचारलं. "मी जातच होते."

"नव्हतीस जात. फाटकाशी उभी होतीस." आईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "घोडे म्हणाली असतीस, तरी जन्मभर खाल्लं असतं तुला. मला म्हणाली असतीस, तरी खाल्लं असतं. मला खातंच आहे ना महिनाभर. म्हणून म्हटलं, आपणच बोलवावं. हे तुझ्या डोक्यावर नको. मी बोलावले, मी दिले."

मग तिने घोडीच्या नाकावर थोपटलं. "जा," ती म्हणाली. "जा आता, आत्याबाई."

घोडे ट्रकमध्ये चढवायला फार वेळ लागला नाही. आत्याबाई चढली की बाकीचे चढतात, आणि आत्याबाईला धाकटीने चढवलं. फळीवर पाय ठेवताना घोडी थांबली आणि वळून खिडकीकडे बघत राहिली. धाकटीने तिला घाई केली नाही. व्यापाऱ्यानेही केली नाही, आभाळ डोक्यावर आलेलं असताना. शेवटी घोडीनेच नाक फुरफुरवलं आणि आत गेली. व्यापारी निघताना काहीतरी बोलायला म्हणून थोरल्याजवळ आला, मिशीवरून हात फिरवला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. ट्रक वळणाआड गेल्यावरही कितीतरी वेळ टापांचा आवाज येत होता. लाकडी फळीवर अस्वस्थपणे आपटणाऱ्या टापांचा. मग तोही गेला.

थोरला पागेत गेला. दावणीचे रिकामे दोर गुंडाळतो म्हणाला. बराच वेळ गुंडाळत होता. ताई वरच्या खोलीत आईचे कपडे भरत होती, लोकरीचे खाली आणि सुती वर, मग सगळं काढून पुन्हा उलटं.

दिवस कलला. धाकटी रिकाम्या कुंपणाशी उभी होती. पहिली भुरभुर सुरू झाली होती. पागेत चंदी भिजवायची वेळ झाली होती आणि भिजवायला काही नव्हतं. ती चालत सपाट दगडापाशी आली आणि त्यावर चढली. बाबांचे बूट पडायचे तिथे दगड जरा खोलगट झाला होता. तिने आपले पाय त्यात ठेवले. खिडकीकडे पाहिलं नाही. वर, रिकाम्या उताराकडे तोंड केलं आणि दोन बोटं तोंडाशी नेली.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

शीळ आली. अंगणापुरतीच, फुंकर म्हणावी इतकी. डोंगरापर्यंत पोचलीच नाही ती. पण शेवटाकडे वर चढली.

वरून काही आलं नाही. पागेचं दार मात्र वाजलं. थोरला दारात येऊन उभा राहिला, हातात दोराचं भेंडोळं, डोळे लाल. वरच्या खोलीतून जिना उतरून ताई आली, खांद्यावर आईची शाल तशीच. आपण बाहेर का आलो, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. दोघं अंगणात येऊन, लहानपणी उभी राहायची तशी कुंपणाशी उभी राहिली. धाकटी दगडावरून उतरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आईने खिडकीतून तिघांना पाहिलं. तिचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला.

"घोडे गेले," ती म्हणाली. "गाढवं आली. हात धुऊन घ्या, ताटं वाढलीयत."